फॉल की विंटर

नवरा गेल्यावर पद्मिनीबाई एकट्या पडल्या, म्हणून त्यांच्या मुलाने, राजीवने, त्यांचं नागपूरचं बिऱ्हाड मोडलं आणि त्यांना अमेरिकेत, बॉथेलला आणलं. दोन वर्षं बरी गेली. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांच्या हातून गॅस चालू राहिला, मग एकदा फिरायला गेल्या आणि घराचा रस्ताच चुकल्या. तेव्हापासून घरात त्यांची परीक्षा सुरू झाली.

अशा विसरणाऱ्या माणसांना डॉक्टर कोणता ऋतू चालू आहे ते विचारतात, असं राजीवने कुठेतरी वाचलं होतं. पानं पिवळी होऊन गळतात तो फॉल, झाडं उघडी पडली की विंटर, असं तो रोज चहाच्या वेळी घोकून घ्यायचा. बाईंची पंचाईत व्हायची. घरामागची उंच झाडं बारा महिने हिरवीगार, आणि ऑक्टोबरात लागलेली रिपरिप थांबायचं नाव घेत नव्हती. एकदा त्या पावसाळा म्हणाल्या, तर राजीव चहा अर्धा टाकून उठून गेला. त्याचं बघून त्याची आठ वर्षांची मुलगी अनिकाही विचारायला लागली. चुकलं की "राँग, आजी" म्हणून टीव्हीकडे वळायची.

मग बाईंनी कोपऱ्यावरचा, पानं गाळणारा मेपल हेरला. तो पार बोडका होईपर्यंत त्या रोज खिडकीतून बघत राहिल्या.

जानेवारीत राजीव त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. दुभाषी नको, मी आहे, म्हणाला. बाईंना वार सांगता आला नाही. ऋतू विचारल्यावर मात्र चेहरा खुलला.

"हिवाळा. मेपलला एक पान नाही."

राजीव डॉक्टरीणबाईंकडे वळला. "शी सेज इट्स फॉल."

तो शब्द त्यानेच त्यांच्या कानीकपाळी ओरडून शिकवला होता. "नो. विंटर," पद्मिनीबाई म्हणाल्या. राजीव हसून इंग्रजीत काही बोलला. त्यातलं "कन्फ्यूज्ड" तेवढं त्यांना कळलं.

गाडीत त्यांनी विचारलं, "राजू, खोटं का सांगितलंस?"

"विसर पडणाऱ्यांच्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय, आई. बरी दिसलीस तर घेणार नाहीत."

महिन्याभरात त्यांना तिथे नेऊन सोडलं. मराठी कुणालाच येत नव्हतं. राजीव आधी दर रविवारी यायचा, मग सणावारी. अनिका एकदाच आली आणि कोटसुद्धा न काढता दारात उभी राहिली.

पुढच्या वर्षी तिथल्या नर्सने राजीवला फोन केला. त्या दिवसभर काहीतरी सांगत असतात, येऊन ऐकाल का, असं तिने विचारलं. तो कामात होता.