शनिवारी न मारलेली हाक

मिल्काबाई झिराडकर आता पुन्हा कुणाच्याही बाळंतपणाला हात लावणार नाहीत, ही काळजी सुभद्राच्या मनातून काही केल्या जाईना. मुंबईहून आलेलं त्यांचं पत्र तिने सकाळपासून चार वेळा वाचलं होतं.

‘मंगळवारी आम्ही इस्राएलला निघतो. भावाने तिकडच्या इस्पितळात माझ्यासाठी नर्सची जागा बघून ठेवली होती. मी नको म्हणून कळवलं. स्वयंपाकघरात काम मागितलंय. जिला हाक मारायला लोक कचरले, तिने भाजी चिरावी हेच बरं. सोमवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिरात आमच्या निरोपाला सगळे जमणार आहेत. सीतूला पापा.’

आज सोमवार होता. उलटटपाली पत्र धाडायलाही वेळ उरला नव्हता.

मिल्काबाई मालवणात आल्या त्या त्रेपन्न साली. बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, माणूस गावाने तोवर पाहिलं नव्हतं. नऊवारी नेसणारी, मराठी बोलणारी, कपाळाला कुंकू नसलेली ही बाई ख्रिस्ताव की मुसलमान, यावर बाजारात आठवडाभर खल झाला. त्यांची मुंबईची मंडळी सुधारक होती. प्रार्थनेला बायका-पुरुष एकत्र बसत, आणि प्रार्थना संपली की आता कुणासाठी काय करायचं याची बोलणी निघत. अशाच एका बैठकीत कोकणातल्या बाळंतिणींचा विषय निघाला. डॉक्टर पोचत नाही तिथे आपल्यातल्या कुणीतरी जावं, असं सगळ्यांनी म्हटलं. उठून उभ्या राहिल्या त्या नर्सचं काम शिकलेल्या एकट्या मिल्काबाई. बाकीच्या बायकांनी मग दरवर्षी आगबोटीने पेटी धाडायचं कबूल केलं. पेटीत जुन्या लुगड्यांची शिवलेली झबली, कापूस आणि औषधं असत.

सुभद्राच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड थाटलं. सुभद्रा बी. ए. झालेली, हायस्कुलातल्या मास्तरांची बायको. सगळ्या आळीत बाईंशी पुस्तकांवर बोलणारी ती एकटीच.

बाई जिभेने तिखट होत्या. एकदा महारवाडीतलं बाळंतपण आटोपून त्या तशाच खोतांच्या सुनेसाठी गेल्या. खोतांची म्हातारी दारातच आडवी आली.

“थयसूनच इलास मगे? आणि घमेलाय ताच?”

“घमेलं एकच आहे, आजी. उकळून घेतलंय. नको असेल तर पदर पसरून बसा, नातू त्यात झेलू.”

म्हातारीने वाट सोडली. पुढे तीच म्हातारी ज्याला त्याला सांगू लागली, “बाईचो हात बघ कसो, लोण्यासारखो!”

शनिवार हा त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सांजेला दिवा लावायच्या आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायच्या नाहीत. दार लोटून पुस्तक वाचत बसायच्या. हे काय म्हणून लोक सुभद्राला विचारत. ती मोठ्या हौसेने समजावून सांगे, “आपली जशी एकादस, तसो तेंचो शनवार. त्या दिवशी तेंका त्रास देऊ नये.” गाव शहाणं. कोळणी त्या दारापुढे ओरडायच्या थांबल्या, पोरं खेळायला पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली. शनिवारी कुणी बोलवायला आलंच तर सुभद्रा कुंपणापाशीच त्याला गाठून जुन्या सुइणीकडे धाडी.

मिल्काबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा त्या हसत म्हणाल्या होत्या, “सुभद्रा, तुमच्या मालवणच्या मुलांना शनिवार वर्ज्य दिसतो. माझ्या वहीत शनिवारचा जन्मच नाही!”

पुढे तसा एक जन्म मात्र झाला. सत्तावन्न साली सुभद्राला शनिवारी भर दुपारी कळा सुरू झाल्या. तिने बाईंना बोलावलं नव्हतं. भिंतीपलीकडून कण्हणं ऐकून बाई आपणहून आल्या, हात धुतले, आणि दिवेलागणीला सीता जन्मली. “तुमचा शब्बाथ माझ्यापायी मोडला,” सुभद्रा रडत म्हणाली. “गप पड,” एवढंच बाई म्हणाल्या. आपल्या मैत्रीखातर बाईंनी देवाचा दिवस मोडला, असं सुभद्राच्या मनाने घेतलं. त्या उपकाराची फेड म्हणून ती मग शनिवार आणखीच डोळ्यांत तेल घालून राखू लागली.

एकसष्टच्या मार्गशीर्षातली गोष्ट. भिकाजी तांडेल धावत कुंपणापाशी आला. “वयनीनू, बाई आसत? तुळशेक चेडू झाला, पण रगात थांबणा नाय.”

“आज शनवार मरे, भिकाजी. दिवे लागले काय मी स्वतः धाडतंय तेंका. तवसर सुइणीक बसव.”

भिकाजी घुटमळला. लोटलेल्या दाराकडे त्याने एकदा पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो आला तसा धावत गेला.

चांदण्या दिसल्यावर ‘तांडेलांकडे बोलावलंय’ एवढंच सुभद्राने सांगितलं आणि बाई गेल्या. तुळसाचे हातपाय तोवर गार झाले होते. मागोमाग गेलेली सुभद्रा उंबऱ्यातच थबकली.

“मला आधी का नाही बोलावलं?” बाईंनी विचारलं.

भिकाजीची आई, तुळसाची सासू यशोदा, नातीला छातीशी धरून बसली होती. “तुमचो देवाचो दिस, बाये. त्या दिसाक कसा बोलावतलव?”

भिकाजीने सुभद्राकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. तिचं नाव त्याने तेव्हा घेतलं नाही, पुढेही नाही.

बाई तुळसाच्या उशाशी बसल्या. “आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं,” त्या म्हणाल्या, “जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचाच. मोडायचाच! आठ वर्षं राहिले इथे आणि एवढं एक सांगायचं राहिलं माझ्याकडून.”

सुभद्राच्या ओठांवर आलं होतं. पण यशोदा समोर होती, तुळसा अजून तिथेच होती, आणि घरी सीता एकटी होती. उद्या सांगू, असं म्हणून ती परतली. तो उद्या तीन वर्षांत आला नाही.

बाईंनी दारावर पाटी लावली : ‘शनिवारीही हाक मारा.’ शुक्रवारचा दिवा लावणं थांबवलं. कामाला मात्र जात. बाळ हातात आलं की आईकडेच बघत राहत. गेल्या महिन्यात भाऊ न्यायला आला तेव्हा त्यांनी घमेलंसुद्धा बरोबर घेतलं नाही.

सुभद्रा उठली. शाळेतून आलेल्या सीतेला वाटीत पोहे दिले, शेजारणीला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि टपाल कचेरीत गेली. खिडकीपाशी मनिऑर्डरींसाठी रांग होती. बाहेर पायरीवर टोपली घेऊन यशोदा बसली होती आणि तिच्या मांडीशी तुळसाची लेक शिंपले मांडत होती.

“मुंबईला ट्रंक कॉल लावायचाय. पी. पी. कॉल, माणूस नावानेच बोलावून द्यायचं. मिल्काबाई झिराडकर,” तिने बाईंनी जाताना दिलेला प्रार्थनामंदिराच्या नंबराचा कागद पुढे केला.

पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपल्या बाई? लावतो की. पण वहिनी, लाइन खरखरते. ओरडून बोलावं लागेल. इथे रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल. घरगुती असेल तर तार करा.”

तारेत काय लिहिणार? भिकाजी आला होता. मी परतवला. तुम्हाला कळूच दिलं नाही. ज्यांनी तार वाचली असती तेही इथलेच. आणि तारेला बाई उलट प्रश्न विचारू शकल्या नसत्या. त्यांनी तो विचारावा, हेच सुभद्राला हवं होतं.

सुभद्राने दाराबाहेर पाहिलं. यशोदाने मान वर केली आणि ओळखीचं हसली.

“ऐकू जाऊ दे,” सुभद्रा म्हणाली. “लावा तुम्ही.”