जुझेसरांची लायब्ररी

मंडळी, आज सकाळी आमच्या मच्छीमार सोसायटीत नवा कॉम्प्युटर लागला आणि डिझेलच्या पावत्या निघेनाशा झाल्या.

प्रोग्रॅम जुना, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेतला. सुरू झाला की तो बाहेरची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडची वेगळी फाइल, जोडून घेतो, आणि होड्यांची नावं मराठीत छापायचं काम तीच करते. नव्या मशीनवर डेटा आला, पण त्या लायब्ररीची फाइल आलीच नाही. जुनं मशीन तर भंगारात गेलेलं.

पावतीशिवाय डिझेल मिळत नाही, त्यामुळे बाहेर होड्यांचे तांडेल खोळंबलेले. "रे, वारो पडलो, आता भायर जावक व्हया," एक जण म्हणाला.

लायब्ररी लिहिली होती आमच्या जुझेसरांनी, घरच्या कॉम्प्युटरवर बसून. ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या बायकोकडे, फिलूबायकडे, मी जरा संकोचतच गेलो.

"तेंचो कॉम्प्युटर आसा तसोच आसा. रोज पुसतंय," ती म्हणाली.

मशीन सुरू झालं, फाइल मिळाली. पेनड्राइव्ह घेऊन मी निघालो, तर तीही चप्पल घालून माझ्याबरोबर आली.

सोसायटीत मी फाइल जागेवर ठेवली, प्रोग्रॅममध्ये तिचा नवा पत्ता लिहिला. पहिली पावती बाहेर आली. फिलूबायने त्यावरचं होडीचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं.

"म्हणजे ते बसान बसान ह्या करी होते?"

"होय बाय, ह्याच."

"माका वाटायचा, गेम खेळतत," ती म्हणाली. हसली, आणि पदराने डोळे पुसले.

तुमच्या घरातलं माणूस दिवसभर नेमकं काय काम करतं, ते तुम्ही कधी जाऊन पाहिलंय का?