अण्णा सुटला, असं मी सांगत आले

हे मी घरात सांगितलेलं नाही, आमच्या पास्टरांना नाही, आणि खरं सांगू — देवालाही सरळ शब्दांत नाही. त्याला ठाऊक आहे म्हणून त्याच्यापुढे टाळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बरंच आहे ते.

मी निपाणीत मराठी शाळेत शिकवते. आमचं प्रार्थनाघर लहान, पत्र्याचं. माझी जीभ चालते, म्हणून साक्ष द्यायला मलाच उभं करतात. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. माझी साक्ष लई गाजलेली — माझा थोरला भाऊ, अण्णा, दारूत बुडालेला, आणि येशूनं त्याला हरवलेल्या मेंढरासारखं शोधून आणलं. बाया डोळ्यांना पदर लावतात. मला चीड येते. त्यांची नाही हो — माझी.

आता तुम्ही विचाराल, हे खोटं का? थांबा, सांगतेय. सुरुवातीला खोटं नव्हतंच मुळी! आमच्याकडे दर रविवारी भरकटलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घेतात, आणि एकेका नावासाठी सगळी मंडळी प्रार्थना करते. अण्णाचं नाव मी कित्येक वर्षं घेतलं. मग एकदा चिकोडीला त्याच्या घरी गेले, तर गडी शुद्धीवर, अंघोळ करून, नातीचं दप्तर शिवत बसलेला. महिनाभर थेंब नाही म्हणाला. मी धावत येऊन साक्ष दिली. त्या दिवसापासून त्याचं नाव विनंतीतून निघालं आणि उपकारस्तुतीत गेलं. आमची रीतच तशी — जो सापडला, त्याच्यासाठी कुणी रडत बसत नाही.

पंधरवड्यात अण्णा परत प्यायला लागला. वहिनीचा फोन आला. मी काय केलं? काही नाही. रविवारी उठून "अण्णाचं नाव परत घ्या" एवढंच म्हणायचं होतं की! जमलं नाही. तोवर बेळगाव, बेळगुंदी, कुठकुठली माणसं मला साक्षीला बोलवायला लागलेली. देवाच्या नावाला बट्टा लागेल, असं मी स्वतःला समजावत होते. कसलं देवाचं नाव! माझंच.

पण तेवढ्यावरच थांबलं असतं तर — नाही, किती फिरवायचं? बोलते.

एका रविवारी बेळगावचे पाहुणे आलेले. मी दारात स्वागताला उभी, आणि समोर अण्णा. दाढी केलेली, धुतलेला सदरा, वास मात्र येत होता.

"शालन, मला एकट्याला न्हाय जमत गं," तो म्हणाला. "मला आत घेऊन चल. माझं नाव घ्या की एकदा."

ऐकलंत? ज्याच्यासाठी मी गुडघे टेकले, तो आपल्या पायानं आला होता! आणि मला सुचलं काय? हा आत गेला तर माझी साक्ष बुडाली. मी त्याचा दंड धरला, रिक्षात घातलं, स्टँडवर नेऊन चिकोडीच्या बसमध्ये बसवलं. "आज पाव्हणे आल्यात अण्णा, पुढच्या रविवारी ये," म्हणाले. "बरं, तू म्हणशील तसं," म्हणाला तो खिडकीतून. शिव्या तरी घालायच्या होत्या मला! परत येऊन मी साक्ष दिली. त्या दिवशी माझ्या शब्दांत फार सामर्थ्य होतं, असं पाहुणे म्हणाले. काय बोलायचं याला?

अण्णा परत आला नाही.

मग काही महिन्यांनी आमचे पास्टर कामासाठी चिकोडीला गेले. सकाळच्या बाजारात त्यांना अण्णा भेटला. ते आनंदानं मला सांगायला आले. कसं काय चाललंय असं त्यांनी विचारलं, तर अण्णा म्हणाला होता, "शालनच्या प्रार्थनेनं सुटली बघा माझी दारू. देव भला हाय."

दारू सुटली नव्हतीच, वहिनी फोनवर सांगतच होती. त्यानं मला सांभाळून घेतलं. धाकटीची फजिती नको म्हणून खोटं बोलला, आणि ज्या माणसाजवळ मदत मागायची त्यालाच बरा आहे म्हणून सांगून बसला. आणि मी? मी लोकांना देवाची प्रीती समजावते! माझा संताप संताप होतो.

तेव्हा तरी पास्टरांना सगळं सांगायला नको होतं का? नाही सांगितलं. मी हसले, "देवाची स्तुती असो" म्हणाले. उलट गेल्या महिन्यात बेळगुंदीला साक्ष दिली, तेव्हा अण्णाचं ते बोलणंही शेवटी जोडलं. भावानं आपल्या तोंडानं पास्टरांना सांगितलं, असं मी म्हणाले. लोकांनी हालेलुया म्हटलं, टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घालून त्या घेतल्या. तिकडं चिकोडीत अण्णा पीतच आहे. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही, आणि ती मी थांबवली आहे.