गोलामागचं भात

आमच्या फुटबॉल क्लबाचं मैदान पोशीरच्या माळावर होतं आणि एका गोलामागे लगेच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भाताचं खाचर सुरू व्हायचं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. चेंडू खाचरात गेला की ते तो उचलून काखेत धरत आणि विचारत, "कुनी मारला रं?" मारणाऱ्याने स्वतः जाऊन शिव्या खाल्ल्याशिवाय चेंडू परत मिळत नसे. एरवी आम्ही त्यांना टाळायचोच.

एका नवरात्रात खोपोलीच्या कारखान्याचा संघ स्पर्धेचा सामना खेळायला आला. त्यांच्या मॅनेजरने मैदान पाहिलं आणि म्हणाला, "हे तोकडं आहे. इथे आम्ही खेळणार नाही." सामना झाला नसता तर आमचा क्लब स्पर्धेतून बाद होत होता. आम्ही त्याच्या विनवण्या करत होतो, तेवढ्यात मागे सरसर आवाज आला. म्हातारे विळा घेऊन स्वतःचं उभं भात कापत होते. दाणा अजून दुधात होता, पिकलाही नव्हता.

"काका, काय करताय!" मी ओरडलो.

"ही लोकं परत गेली तर तुमी खेळायचं सोडाल," ते मान वर न करता म्हणाले. "मंग मी शिव्या कुनाला देऊ?"

आम्ही बांध फोडून गोलाचे बांबू मागे सरकवले आणि सामना सुरू झाला. पण कापलेल्या भाताच्या त्या ओल्या खुंटांवर पाय टाकायला आमच्यातला एकही जण धजेना. त्याच बाजूने आमच्यावर पहिला गोल झाला.

तेव्हा उरलेल्या खाचरातून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "अरं, पळा ना! आता काय वाचवताय?"