गॅसलाइनीचा राखणदार

निडी स्टेशनपासून थोडं पुढे हैबतराव आणि पोपट या दोघा भावांचं दीड एकर भातशेत होतं. २००७ साली शेताच्या वरच्या अंगानं जमिनीखालून गॅसची लाइन गेली. जमीन भावांच्याच नावावर राहिली, पण लाइनीच्या दोन्ही अंगांची पट्टी नावापुरतीच त्यांची उरली. तिथं भात लावा, वाल पेरा. झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर तर नाहीच नाही. धाकट्या पोपटला मात्र त्या लाइनीवर चालायची नोकरी मिळाली.

काम एवढंच, की रोज सकाळी पिवळ्या खांबांच्या रांगेनं नागोठण्याच्या दिशेला सात किलोमीटर चालत जायचं. कुणी खणतंय का, हिरव्या गवतात एखादा तुकडाच वाळलाय का, खाचरातल्या पाण्यात बुडबुडे येतायत का, ते बघायचं. काही दिसलं तर लगेच फोन.

पहिल्या दिवशी पेणचे रघुनाथ साहेब, कंपनीचे इंजिनियर, यांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. इराणवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथं गॅस मुबलक आहे. इथून पाकिस्तान, मग राजस्थान, गुजरात आणि मग तुमचं निडी. बोलणी चालू आहेत."

"म्हंजे सायेब, मी असाच चालत रायलो तर इराणला पोचंन?"

सगळे हसले. साहेबही हसले. पोपटनं मात्र ते मनावर घेतलं. पुण्यापलीकडे न गेलेला माणूस, पण आपल्या पायाखालची वाट दुसऱ्या मुलखात निघते या विचारानं त्याची चालच बदलली. स्टेशनाजवळच्या टपरीवर तो रोज पेपर चाळायचा. इराणच्या लाइनीचं कधी गॅसच्या भावावरून अडलेलं असायचं, कधी अमेरिकेला ते पटत नसायचं, कधी सरहद्दीवर गोळीबार. मुंबईवर हल्ला झाला त्या आठवड्यात तर त्यानं पेपर उघडलाच नाही.

सात-आठ वर्षांनी रघुनाथ साहेबांची बदली झाली, तेव्हा जाता जाता त्यांनी त्याला खरं ते सांगितलं. "ती लाइन येणार नाही, पोपटराव. ज्याच्या दारातून पाइप येतो, त्यानं कधी चावी फिरवली तर आपण काय करणार? म्हणून आता गॅस जहाजानं आणतात. समुद्राला काही फाटक नाही."

पोपटला वाईट वाटलं, तरी चालणं चुकलं नाही.

थोरला हैबतराव धाटावला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. आधी कोळशाचा बॉयलर होता. धुराच्या तक्रारी झाल्यावर कंपनीनं तो मोडीत काढून गॅसचा बसवला. दोघा भावांचं घर वाडीत एकच, सखल जागी. २०२१च्या जुलैत आंबा नदीला पूर आला, ओढा उलटा भरला आणि कमरेएवढं पाणी घरात शिरलं. मागची भिंत बसली. हैबतरावच्या बायकोनं, बायजानं, तीन दिवस शाळेच्या ओट्यावर काढले आणि तिथंच ठरवलं, की पुढचा पावसाळा या घरात काढायचा नाही.

उंचावरची जागा एकच होती. शेताचं वरचं अंग.

डिसेंबरातल्या एका सकाळी पोपट लाइनीवरून येत होता, तर शेतात जेसीबी उभा. पायाचे दोन खड्डे खणून झालेले.

"दादा, थांबव त्याला!"

"लाइन पंधरा फुटांवर हाय. मी सोता मापलंय," हैबतराव म्हणाला.

"पंधरा नाय चालत. दात लागला लाइनीला तर वाडी जाईल आपली."

"आनि पान्यानं जाते ती? बापाची जमीन, तिथं घर नाय बांधायचं. खालून गॅस जातोय, आमच्या चुलीला त्याची फुंकर नाय. तू कुनाचा रं, पोपट? आमचा का त्यांचा?"

पोपट नजर फिरवून पुढे गेला असता तर निदान त्या दिवशी कुणाला कळलं नसतं. जेसीबीची भीती होतीच. पण चौदा वर्षं ती लाइन त्यानं आपली म्हणून जपली होती, हेही तितकंच खरं. त्यानं खिशातून फोन काढला.

दुपारपर्यंत कंपनीची माणसं पोलीस घेऊन आली. काढलेली माती परत खड्ड्यांत लोटली. हैबतरावकडून लिहून घेतलं, की पुन्हा खणणार नाही. सही करताना त्यानं भावाकडे पाहिलं नाही. संध्याकाळी बायजानं एकाच घरात दुसरी चूल मांडली.

दोन महिन्यांनी युरोपात लढाई पेटली. तिकडचे देश रशियाचा पाइपातला गॅस सोडून समुद्रावरचा मिळेल तेवढा गॅस वाटेल त्या भावानं उचलू लागले. इकडे यायची जहाजं तिकडे वळली. धाटावच्या त्या कंपनीत तीन शिफ्टच्या दोन झाल्या, दोनाची एक. एप्रिलात गेटवर कागद लागला. गॅस परवडत नव्हता आणि कोळशाचा बॉयलर भंगारात गेला होता. हैबतराव चोपन्न वर्षांचा होता.

पोपट धीर करून त्याच्यापुढे जाऊन बसला. "दादा, जहाजं येतील परत."

"कंदी?"

पोपटनं काखेतला पेपर काढून खाली ठेवला.

"लडाय त्यांची, आनि बंद आमची शिफ्ट," हैबतराव म्हणाला. "तू पेपर वाचतोस ना? मग सांग, कुनापाशी जाऊन भांडू?"

पावसाच्या तोंडाला टेम्पो आला. कामोठ्याला एका बिल्डिंगवर वॉचमनचं काम आणि जिन्याखालची खोली मिळाली होती. पोपट सामान चढवायला पुढे झाला, तर हैबतरावनं त्याच्या हातातली पेटी काढून घेतली आणि स्वतः चढवली. बायजा शेवटी बसली. "भावजी, शेत तुमीच करा आता," ती म्हणाली. "आमाला तिकडं पाय ठेवायचा नाय."

त्या वर्षी पोपट आणि त्याची बायको शांती यांच्यानं अर्धंच शेत लावून झालं. पुढे गॅसचे भाव उतरले, जहाजंही आली. तोवर धाटावच्या कंपनीची जागा विकली गेली होती आणि तिथं कुणाचं तरी गोदाम उभं राहत होतं. लाइनीवर आता ड्रोन फिरू लागलं आणि पोपटचं चालणं आठवड्यातून तीन दिवसांवर आलं.

दिवाळीच्या पाडव्याला त्यानं कामोठ्याला फोन लावला. बायजानं उचलला.

"दादा हाय का?"

"ड्युटीवर गेल्यात," ती म्हणाली.

तिच्या मागे, अगदी जवळ, हैबतराव खोकत होता.

"बरं," पोपट म्हणाला.