बाजारावरून मोजलेली अक्षरं

ताईची आणि माझी एक चोरटी लिपी होती. आईच्या हाती चिठ्ठी लागली तरी तिला काही कळू नये म्हणून ताईनं ती शाळेत असताना काढली. आमच्या गावचा, पिंपळगाव राजाचा, आठवडी बाजार होऊन जितके दिवस झाले, तितकी घरं प्रत्येक अक्षर पुढे सरकवायचं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी 'क'चा 'ख', तिसऱ्या दिवशी 'ग'. काना-मात्रा जागच्या जागी. मी धाकटी, पण सोडवण्यात तिच्यापेक्षा वरचढ, आणि हे मी तिला कधी विसरू दिलं नाही.

ती लग्न होऊन धाड गावी गेली, मी शाळेतल्या नोकरीसाठी लोणारला. लिपी मागे पडली. गेल्या वर्षी एका दुपारी अचानक तसा मेसेज आला. तिचा फोन सासरी सगळ्यांच्या हातात असायचा. मी मधल्या सुट्टीत मोजून पाहिलं, काही लागेना. परत मोजलं, तरी नुसता भुसा. पण हरले म्हणेन तर ती मी कसली! हसणारे तीन चेहरे पाठवले, खाली लिहिलं, 'वा ताई, भारीच!' तिनं 'बरं' लिहिलं आणि विषय संपला.

चार महिन्यांनी ताईच्या छातीतल्या गाठीचं घरात कळलं, तेव्हा ती पसरली होती. दवाखान्यात मी तिच्या उशाशी आठ दिवस बसले. तिनं त्या मेसेजचं नावही काढलं नाही.

तिची तेरवी उरकून मी आणि आई निघालो, तर जीप धाडच्या बाजारात अडकली. भाजीवाल्यांची गर्दी बघता बघता मला तो मेसेज आठवला. ताई तर इथली झाली होती. तिनं या बाजारावरून मोजलं असणार! मी फोन काढला, तसं मोजलं, आणि अक्षरं सरळ झाली.

'छातीत गाठ हाय. कोनाले सांगतलं नाही. आईले सांगू नको. दवाखान्यात एकटीनं जायाले भेव लागते. तू ये वं.'

यावर मी हसले होते. आणि मी वाचूनच हसले, असं समजून ती गेली.

"तुले बी काऊन नाही सांगतलं वं तिनं?" आईनं विचारलं.

"नाही सांगतलं," मी म्हटलं.

"परकं केलं आपल्याले पोरीनं. येवढं दुखणं, अन् एका शब्दानं बोलली नाही."

आई घर येईपर्यंत मेलेल्या लेकीवर रागावत राहिली, आणि मी तिला रागावू दिलं.