सवतीचा टाक

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं. निजामाची राजवट होती आणि मी हिंगोलीकडे अमीन, म्हणजे ठाण्याचा अंमलदार होतो.

कुरुंद्याकडून मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगराने ठाण्यात खबर दिली. "साहेब, एका घरात सुनेला डागण्या देऊन राहिले. पोरगी मरंल."

दोन जवान घेऊन गेलो. पोरगी कोवळी, बिजवराला दिलेली, माहेरी कोणी उरलेलं नाही. नवऱ्याची पहिली बायको तापाने वारली होती. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, हिच्या गळ्यात होता. त्याच्याखालची कातडी चिघळलेली आणि भोवती तापल्या विळ्याचे डाग. सासू ठासून म्हणाली, "सवत छळून राहिली हिला. टाक काढला की खाज थांबती, घातला की पुन्हा सुरू. आणखी काय पुरावा पायजे?"

पुरावा बरोबर होता, आरोपी तेवढा चुकला होता.

पोरीला बाजूला घेऊन विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? ती म्हणाली, "व्हय. ल्हानपणी जत्रेतल्या गिलटाच्या बाळ्या घातल्या, तवा कान असेच नासले व्हते."

गिलट दिसायला चांदीसारखं, पण स्वस्त. त्यात निकेल असतं आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही, हे मला फार पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा एवढंच ओळखलं, की हा टाकही गिलटाचाच असणार; मी तो जप्त केला आणि सोनाराला उचललं. मला वाटलं, चांदीचे पैसे घेऊन गिलट देणारा चोर हाच. तो म्हणाला, "पोरीच्या नवऱ्यानंच गिलटाचा सांगितला व्हता."

नवऱ्याने आधी कानांवर हात ठेवले. सोनार समोर आणल्यावर फणकारला, "मेलेल्या बाईला चांदी काहून, साहेब?" त्याची आई विळा तापवत होती तेव्हा हा बहाद्दर शेजारी बसून होता. मला त्याची किळस आली.

मग पोरीचा जबाब घ्यायला बसलो. ती म्हणाली, "चुलीवर पडले, असं लिवा."

मी ओरडलो. ती म्हणाली, "तुमी जासाल निघून. मला इथंच नांदायचंय."

खटला उभाच राहिला नाही. मुद्देमाल मालकाला परत करण्याचा हुकूम आला आणि तो टाक मीच नेऊन दिला. चांदीचा करून घ्या, म्हणून परोपरीने सांगितलं. सासू म्हणाली, "बदलला तर सवत आणखी कोपंल." तिने तो माझ्यादेखत बांधला. पोरीने स्वतःच मान पुढे केली.

गुन्हा उघडकीला आणणं सोपं असतं. ज्याच्यासाठी आणला त्याला जायला दुसरं घर नसेल, तर आमची हुशारी काय चाटायची? नवऱ्याने मला अदबीने सलाम केला. मी तो घेतला आणि घोड्यावर बसलो.